सात लाख वीस हजार सातशे वीस

आत जाताना स्वतःचे पैसे बाहेर ठेवायचे,
असा नियम.
पत्र्याच्या खणात माझे अकरा रुपये, रिक्षाचे,
किल्ली गळ्यात,
आणि मग दिवसभर समोर कोरे करकरीत गठ्ठे,
अजून पैसे न झालेले.

माझं काम आकडे बघायचं.
किंमत नाही, आकडे. सहा-सहा.
सरळ बसलेत का, शाई फुटली का,
एखादा तीन आठासारखा दिसतोय का.
शेजारची सिंधू दोंदे म्हणायची,
वाचू नकोस गं, नुसतं बघ,
वाचलंस की डोकं धरतं.
मी वाचायची.

नाशिकरोडला भोंगा झाला की
बिटको चौकापर्यंत चालत, तोंडात पाढे.
असंच चालताना एकदा कळलं, कुणी शिकवलं नाही,
की तीन अंक दोनदा लिहिले,
कुठलेही तीन,
तर त्या संख्येला सात जातो, अकरा जातो, तेराही जातो.
कारण मुळात ते तीनच अंक असतात,
एक हजार एकनं गुणलेले.
आहेराच्या पाकिटातला तो वरचा एक
हजाराचं दार असा उघडतो
की आत सात, अकरा, तेरा
दाटीवाटीनं बसलेले.

मग एका मंगळवारी, दुपारच्या चहाआधी, ती आली.
७२०७२०.
दहाच्या नोटेवर.

दोघांत वाटा, जाते. तिघांत, चौघांत, पाचांत.
सातांत, नवांत. तेरा जणांत, ज्यांच्या वाट्याला एरवी
कधीच काही सरळ येत नाही.
सोळा जणांची पंगत बसवा,
प्रत्येकाच्या पानात पंचेचाळीस हजार पंचेचाळीस,
ना कुणाला कमी, ना ताटाबाहेर शीत.
हिच्याहून लहान कुठल्याच संख्येला
सोळा जणांचं असं जमत नाही,
हे मी निवृत्तीनंतर ताडून पाहिलं
विजेच्या बिलांच्या पाठीवर.

सतरावा आला की मात्र अडतं.
बेचाळीस हजार तीनशे पंचाण्णव प्रत्येकी देऊन
हातात पाच उरतात
आणि सतरा जण त्या पाचांकडे बघत बसतात.

आमच्या घरात जावा, दीर, पोरं धरून
सतरा होतो.

शेवटच्या शून्यानं शाई धरली नव्हती.
अर्धाच गोल. पिचलेल्या बांगडीसारखा.
मी खूण केली.
सिंधू म्हणाली, काय गं, एवढा वेळ?
म्हटलं, शाई.
ती कापायला गेली.
संध्याकाळी गेटवर झडती देताना
पदर झटकला, डबा उघडून दाखवला,
डोक्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही.

रिक्षात बसल्यावर हसू आलं.
समजा गेली असती बाहेर,
तर असती दहा रुपयेच की.
माझ्याच तीन पोरांनी हिसकली असती,
तीन-तीन-तीन,
आणि उरलेल्या एकावरून
रात्रभर धुसफूस.
अंगावर एवढं मोठं वाटप छापलेलं,
आणि खिशात तिघांपुरतीही नाही.

गठ्ठ्यातली पुढची ठीक होती.
७२०७२१. शाई घट्ट, कडा साफ.
हिला दोन जात नाही, तीन नाही, सात नाही,
सोळापर्यंत कुणीही या,
दर वेळी एक उरवते, हट्टानं.
ती मी पास केली.
गेली असेल सिन्नर फाट्यावर शेंगदाण्यांत,
देवळाली गावात कुणाच्या गल्ल्यात,
घामानं मऊ होऊन, दुमडून, चिकटपट्टी लागून
आता कधीच संपलीही असेल.

हिला कोण भागतं, ते मला अजून ठाऊक नाही.
सतरा, एकोणीस, तेवीस करत
एकसष्टपर्यंत येऊन पोचलेय,
कुणाचाच पाय टेकत नाही.
पुढे सदुसष्ट.
जेल रोडवर चष्मा टाकलाय दुरुस्तीला,
शनिवारी मिळेल म्हणाला.